खास खाण्यासाठी प्रवास करायचा तर जगातले कोणते एक शहर निवडावे?

सिंधुकन्या (प्रश्न)

नमस्कार. यंदा दिवाळीच्या सुमारास मला आणि माझ्या यजमानांना एकाच वेळी नऊ दिवसांची रजा मिळत आहे. या वेळी प्रेक्षणीय स्थळांची यादी हातात न धरता, केवळ खाण्यासाठी म्हणून एखाद्या परदेशी शहरात जाऊन राहावे, असा आमचा विचार आहे.

त्यामागचे कारण सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर बारा दिवसांत युरोपातील पाच देश पाहिले. रोज संध्याकाळी बस कोणत्या ना कोणत्या भारतीय हॉटेलसमोर उभी राही आणि ताटात पनीरची तीच लाल रस्साभाजी, जिरा राईस आणि गुलाबजाम येत असे. एका संध्याकाळी बसच्या खिडकीतून एक भाजीबाजार दिसला. लाकडी खोक्यांत अळंब्या रचून ठेवल्या होत्या आणि एक आजीबाई मांडीवर परडी घेऊन भल्यामोठ्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या शेंगा कशाच्या, त्यांचे तेथे काय करतात, हे विचारायला उतरावे असे फार वाटले. पण बस थांबणार नव्हती. तो बाजार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आमची अडचण अशी की मी मूळची मालवणची असल्यामुळे मासे, शिंपले, मांस सर्व आवडीने खाते, तर माझे यजमान पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. दूध, तूप, चीज यांना त्यांची हरकत नाही. महागड्या, महिनोन्महिने आधी जागा राखून ठेवाव्या लागणाऱ्या उपाहारगृहांत जाण्याची आम्हाला ओढ नाही. ओसाका, इस्तंबूल, बोलोन्या, पेनांगमधील जॉर्ज टाउन आणि मेक्सिको सिटी ही नावे वाचनातून मनात घोळत आहेत. ज्यांनी या शहरांत खरोखर दिवस काढले आहेत त्यांनी, शहर निवडताना नेमके काय पाहावे हेही कृपया सांगावे.

बेटावरचा

सिंधुकन्याताई, नोकरीनिमित्त मी चार वर्षे पेनांग बेटावर राहिलो, त्यामुळे माझा कल कोठे आहे हे आधीच सांगून टाकतो: आपण जॉर्ज टाउनला जावे. आपण मालवणच्या आहात हे वाचल्यावर तर मला दुसरे नाव सुचतच नाही.

शहर निवडताना मी एकच गोष्ट पाहतो. तेथील सामान्य कमाईचा माणूस कामावर जाताना, दुपारी आणि रात्री घराबाहेर काय खातो, आणि ते चांगले आहे काय? जॉर्ज टाउनमध्ये रिक्षावाल्यापासून बँकेच्या व्यवस्थापकापर्यंत सगळे एकाच गाडीसमोर, प्लास्टिकच्या त्याच स्टुलांवर बसून खातात, आणि त्या गाडीवरचा माणूस बहुधा एकच पदार्थ करतो. त्याच्या वडिलांनीही तोच केलेला असतो. शेजारच्या गाडीवरचा पदार्थ तो चुकूनही करणार नाही.

आता आसाम लक्सा या रश्श्यातल्या शेवयांच्या पदार्थाचे सांगतो. आसाम म्हणजे मलय भाषेत चिंच, आणि या लक्साचा रस्सा ज्या माशाचा करतात तो 'इकान केंबुंग' म्हणजे आपला बांगडाच. बांगडा उकडून, काटे काढून, मांस कुस्करून चिंचेच्या पाण्यात शिजवत ठेवतात. आपल्याकडच्या तिखल्यात तिरफळ जे काम करते, ते येथे आल्याच्या कुळातील एका झाडाची गुलाबी कळी करते. तिला 'बुंगा कांतान' म्हणतात. वाढण्याची पद्धत मी कितीदा तरी जवळ उभा राहून पाहिली आहे. वाडग्यात तांदळाच्या जाड शेवया घालायच्या, त्यावर उकळता रस्सा ओतायचा आणि पळीने शेवया अडवून तो पुन्हा पातेल्यात उपसायचा, असे तीन-चार वेळा, म्हणजे शेवया आतपर्यंत गरम होतात. मग वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि त्या गुलाबी कळीचे बारीक काप घालतात, आणि सोबत चमचाभर 'हे को' देतात. हा कोळंबीपासून केलेला काळा, गोडसर, काकवीसारखा दाट पदार्थ आहे. तो रश्श्यात ढवळला की आंबट, तिखट, गोड आणि समुद्राचा वास हे सगळे एका घोटात येते. पहिल्या वेळी मला तो वास उग्र वाटला होता. तिसऱ्या वेळेपासून मी दर शनिवारी त्यासाठी बसने आयेर इताम या भागात जाऊ लागलो.

'चार क्वे त्याव' हा दुसरा पदार्थ. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्यांचे मांस, मोड आलेले मूग आणि एक प्रकारची पाती, हे सारे डुकराच्या चरबीवर अतिशय प्रखर आचेवर परततात. चांगला स्वयंपाकी एका वेळी एकच ताटली करतो, आणि काही जण अजूनही कोळशाची शेगडी वापरतात. रांग कितीही असो, दोन ताटल्या एकत्र परतल्या की कढई थंड पडते आणि पट्ट्या भाजण्याऐवजी शिजतात, हे त्याला पक्के ठाऊक असते.

तिसरा पदार्थ 'नासी कांदार'. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण घेऊन फिरत, त्यावरून हे नाव पडले. आज कावड गेली. पण चार-पाच कालवणांचे रस्से एकाच भातावर ओतून घेण्याची पद्धत राहिली आहे, आणि तसे मागवताना 'बांजिर' म्हणजे 'पूर' असे म्हणतात.

यजमानांविषयी वेगळे लिहितो, कारण त्यांची सोय झाली नाही तर आपल्यालाही घास गोड लागणार नाही. लिटल इंडिया या भागात केळीच्या पानावरचे शुद्ध शाकाहारी तमिळ जेवण मिळते, परंतु एवढ्या दूर जाऊन त्यांनी नऊ दिवस सांबारभातच खावा असे मी म्हणणार नाही. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारी खाणावळी तेथे पुष्कळ आहेत, आणि त्यांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सोयाबीन, अळंबी आणि गव्हातील चिकट प्रथिन यांपासून ते लोक जे पदार्थ करतात, ते भारतात सहजासहजी चाखायला मिळत नाहीत. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत 'नऊ सम्राट देवां'चा उत्सव असतो. तेव्हा हजारो चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात आणि गाड्यांवर पिवळी निशाणे लागतात. हा उत्सव अनेकदा आपल्या नवरात्राबरोबरच येतो. २०२४ साली दोन्हींचा पहिला दिवस ३ ऑक्टोबर हाच होता. रजा थोडी अलीकडे घेणे शक्य असेल तर पंचांग पाहून ठरवावे.

पोर्तिकोखाली

मी तीन वर्षे बोलोन्यात शिकत होते. त्या शहराला इटालियन लोक 'ला ग्रासा' म्हणजे 'पुष्ट' असे म्हणतात, आणि ते नाव त्याने कमावलेले आहे. तरीही या वेळी मी आपल्याला तेथे जा असे सांगणार नाही, आणि त्याचे कारण थेट पिठात आहे. बोलोन्याची 'स्फोल्या' म्हणजे पास्त्याची पोळी १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे या मापाने मळतात आणि त्यात पाणी घालत नाहीत. ताल्यातेल्ले, तोर्तेल्लिनी, लाझान्या, सारे याच पोळीतून येते. पार्मिजानो-रेज्जानो चीज करताना वासराच्या पोटातील विरजण वापरावे लागते. तसा त्याचा नियमच आहे. कडक शाकाहारी माणसाने ही गोष्ट जाण्यापूर्वीच समजून घेतलेली बरी. दुधाचे पदार्थ चालतात असे म्हणणारे अनेक जण तेथे येऊन हे ऐकतात तेव्हा फार खट्टू होतात.

परंतु कधी काळी आपण एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर जाणार असाल तर अवश्य जा. तेथील लोक आपल्या खाण्याची किती काळजी घेतात ते पाहण्यासारखे आहे. ताल्यातेल्लेची पट्टी किती रुंद असावी याचे सोन्याचे प्रमाणमाप १९७२ पासून शहराच्या वाणिज्य मंडळात ठेवलेले आहे: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातील असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. रागू म्हणजे मांसाच्या सॉसची कृतीही १९८२ मध्ये तेथेच नोंदवली गेली, आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. मी ज्या घरात भाड्याने राहत असे, त्या घरमालकीणबाई रविवारी सकाळी जवळजवळ हातभर लांबीच्या लाटण्याने ती पोळी लाटत. लाटण्यावर गुंडाळून, तळव्यांनी बाहेरच्या बाजूला ढकलत त्या तिला इतकी पातळ करीत की खिडकीसमोर धरल्यावर समोरच्या घराच्या झडपा तिच्यातून पुसट दिसत. माझी आजी पुरणपोळी लाटताना जशी पोळीच्या कडांकडे पाहत असे, तशाच त्या पाहत.

शहर कसे निवडावे, याविषयी 'बेटावरचा' यांच्याशी मी सहमत आहे. फक्त एक भर घालते. ज्या शहरात सकाळचा बाजार अजून शहराच्या मध्यभागी आहे आणि गृहिणी तेथे पिशवी घेऊन येतात, तेथे जेवण वाईट मिळत नाही. बाजार हटवून तेथे केवळ पर्यटकांसाठी चाखण्याचे ठेले उभे राहिले असतील, तर तेथून दोन गल्ल्या पुढे जावे.

कोंबू

ओसाकाविषयी थोडक्यात लिहितो, कारण यजमानांच्या दृष्टीने ते नाव वगळावे असे मला वाटते. तेथील बहुतेक सर्व रश्श्यांचा पाया 'दाशी' असतो, आणि दाशीत समुद्री शेवाळाबरोबर वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे असतात. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या वाडग्यात मासा दिसत नाही, भाजीतही दिसत नाही, पण तो असतो. 'मांस नको' असे सांगितल्यावर मासा नको हेही त्यात आले, असे तेथे कोणी गृहीत धरत नाही. माझ्या शाकाहारी सहकाऱ्याने पहिले दोन आठवडे अजाणता मासा खाल्ला, आणि ते कळल्यावर त्याला झालेला त्रास मी पाहिला आहे. ओसाकाहून रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेल्या कोया पर्वतावरील बौद्ध मठांत मात्र पूर्ण शाकाहारी 'शोजिन र्‍योरी' मिळते. तेथील दाशी केवळ शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्यांची असते आणि ती खरोखर उत्तम असते. एका मुक्कामासाठी ते ठीक आहे. नऊ दिवसांसाठी नव्हे.

गलाताकर

कोणीच इस्तंबूलची बाजू मांडलेली नाही, म्हणून लिहितो. वस्त्रोद्योगातील कामासाठी मी तेथे दोन वर्षे होतो. दिवाळीच्या सुमारास तेथे हवा गार असते. १ सप्टेंबरला मासेमारीवरील हंगामी बंदी उठल्यानंतर बाजारात 'पालामुत' आणि 'लुफेर' हे मासे येऊ लागतात, त्यामुळे सिंधुकन्याताईंना योग्य वेळ साधता येईल. एमिनोनूहून बोट पकडली की सुमारे वीस मिनिटांत आशियाई किनाऱ्यावरच्या कादिकॉयला उतरता येते, आणि तेथील मासळीबाजार धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

यजमानांसाठी इस्तंबूलची खरी देणगी म्हणजे 'झेतिन्यावली' हा पदार्थांचा वर्ग. फरसबी, वाल, कमलपुष्पासारखे दिसणारे आर्टिचोक, वांगी अशा भाज्या ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवून त्या गार झाल्यावर खातात. (ताईंनी बसमधून पाहिलेल्या शेंगा बहुधा फावा या मोठ्या वालाच्या असाव्यात; तेथे वसंतात त्या शेंगांसकट शिजवतात.) हे पदार्थ खाण्याची जागा म्हणजे 'एस्नाफ लोकांतासी', शब्दशः दुकानदार-कारागिरांची खाणावळ. काचेमागे पातेली मांडलेली असतात, आपण बोट दाखवावे आणि ताटली भरून घ्यावी. या खाणावळींची खरी वेळ दुपारी बारा ते दोन ही आहे. संध्याकाळी पाचला गेलात तर पातेल्यांच्या तळाशी उरलेले मिळेल, आणि इस्तंबूलचे जेवण सामान्य आहे असा गैरसमज घेऊन आपण परत याल. लाल मसुरीचे सूप सर्वत्र मिळते, परंतु काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात. म्हणून 'एत सुयू वार म?' म्हणजे 'मांसाचे पाणी आहे का?' हा प्रश्न पाठ करून जावे.

सकाळचे खाणे तर तेथे एक स्वतंत्र जेवणच आहे. ऑलिव्ह, पांढरे चीज, काकडी, टोमॅटो, मध आणि 'कायमाक' म्हणजे म्हशीच्या दुधाची दाट साय, हे सारे छोट्या ताटल्यांत येते, आणि तासभर चहा चालू राहतो. 'काहवाल्त' या शब्दाचा अर्थच 'कॉफीपूर्वीचे' असा आहे. दिवाळीनंतर थंडी वाढली की वेफा या जुन्या वस्तीत 'बोझा' प्यायला अवश्य जावे. बाजरीवर्गीय धान्य आंबवून केलेले हे दाट पेय वर दालचिनी आणि फुटाणे घालून देतात. त्याचा पहिला घोट घेतल्यावर मला आमच्या गावची आंबील आठवली. तेथील एक दुकान १८७६ पासून चालू आहे. आंबवल्यामुळे त्यात किंचित मद्यांश असतो, हे सांगणे आवश्यक आहे. तसेच गेल्या काही वर्षांत तुर्कस्तानात महागाई फार वाढली आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील किमतींवर विसंबून खर्चाचा अंदाज बांधू नये.

निक्स्तामाल

नऊ दिवसांसाठी मेक्सिको सिटी फार दूर पडेल, म्हणून यंदा नको. पण पुढे कधीतरी जावे, एवढ्यासाठी लिहिते. आपल्या उपवासाच्या ताटात जे असते त्यातील साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळे, मिरची आणि राजगिरा हे सारे मुळात अमेरिका खंडांतले. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा तेथील गुळात घोळून 'अलेग्रिया' नावाच्या वड्या करतात. अलेग्रिया म्हणजे आनंद. ती वडी पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हा परक्या देशातील रस्त्यावर उभे राहून मला एकादशीची आठवण झाली. शाकाहारी माणसाला तेथे भोपळ्याच्या फुलांच्या, निवडुंगाच्या आणि कणसावरच्या काळ्या बुरशीच्या केसादिया म्हणजे सारण भरून दुमडलेल्या तोर्तिया (मक्याच्या पातळ भाकऱ्या) मिळतात. सावध राहायचे ते केवळ घेवड्याच्या बाबतीत, कारण तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात.

तोर्तियाचे पीठ करण्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात. त्यामुळे साल सुटते, पीठ लवचीक होते आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपीय लोकांनी मका नेला, पण ही रीत नेली नाही, आणि जेथे गरीब माणूस मक्यावरच जगत होता तेथे पेलाग्रा हा रोग पसरला. अशा मक्याची, समोर थापून भाजलेली तोर्तिया नुसत्या मिठाबरोबर खाऊन पाहावी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तिचा वास लगेच ओळखीचा वाटतो.

सिंधुकन्या

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने कोणी उत्तर देईल असे वाटले नव्हते. यजमानांनी सारी उत्तरे मोठ्याने वाचून घेतली. बोझा आणि कायमाक यांनी त्यांना इस्तंबूलकडे ओढले, पण शेवटी त्यांनीच जॉर्ज टाउन म्हटले, कारण बांगड्याच्या लक्साचा परिच्छेद मी दोनदा वाचला हे त्यांच्या लक्षात आले. नवरात्रात रजा मिळणे शक्य नाही, म्हणून दिवाळीतच जाऊ.

'बेटावरचा' यांना दोन शंका विचारते. नुसत्या परतलेल्या पालेभाजीतही कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो असे ऐकले, ते खरे काय? आणि त्या दिवसांत पाऊस फार असतो काय?

बेटावरचा

दोन्ही खरे आहे. त्या गोळ्याला 'बलाचान' म्हणतात आणि तो भाजीत, चटणीत, कधी भातातही असतो. चिनी गाडीवर यजमानांनी 'चिआ छाय' म्हणावे. होक्कियन बोलीत त्याचा अर्थ 'मी शाकाहार पाळतो' असा होतो आणि धार्मिक नियम म्हणून तो सर्वांना कळतो. मलय किंवा तमिळ मुसलमान खाणावळीत 'तक माउ बलाचान' म्हणजे 'बलाचान नको' असे स्पष्ट सांगावे. बौद्ध शाकाहारी खाणावळीत हे काहीच विचारावे लागत नाही, म्हणून रोजचे निदान एक जेवण तेथे ठेवावे.

ऑक्टोबर हा तेथील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे आणि नोव्हेंबरही कोरडा नसतो. माझा अनुभव असा की सकाळ बहुधा मोकळी मिळते आणि दुपारनंतर जोराची सर येते. म्हणून बाजार आणि चालणे सकाळी ठेवावे. दिवाळीला मलेशियात सार्वजनिक सुट्टी असते. आदल्या आठवड्यात लिटल इंडियात फार गर्दी आणि रोषणाई असते, परंतु प्रत्यक्ष त्या दिवशी तमिळ खाणावळी बंद असण्याची शक्यता धरून चालावे. गाडीवाल्यांची सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते, आणि माल संपला की ते वेळेआधीच आवरतात. त्यामुळे लक्सासाठी संध्याकाळची वाट पाहू नका. पहिल्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा, वाडगा हातात आल्यावर आधी नुसत्या रश्श्याचा एक घोट घ्या, आणि मगच चमच्यातला हे को त्यात ढवळा.